कापड पाहून कोट : इंग्रजी म्हणी आणि आपला व्यवहार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त विचुंबे येथे केलेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी एका कापड-व्यापाऱ्याने कोणत्या विषयावर बोलावे, हा प्रश्न मी आयोजकांपुढे ठेवला होता. धर्मतत्त्वांवर बोलण्याचा अधिकार पूज्य साधु-साध्वींचा. ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी ज्येष्ठांनी या स्मरणिकेत लिहिलेच आहे. तेव्हा युवक मंडळाने मला विषय सुचविला, तो ‘इंग्रजी म्हणी आणि त्यांतील व्यवहारज्ञान’ हा. वाणिज्य शाखेच्या पदवीनंतर माझे सारे आयुष्य गज, कात्री आणि खतावणी यांच्या सान्निध्यात गेले. इंग्रजी वाङ्मयाचा मी अभ्यासक नव्हे. तथापि या म्हणींकडे पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की, त्यांतील कितीतरी म्हणी कापडाच्या दुकानात, शिंप्याच्या मांडीवर आणि बाजाराच्या गल्ल्यावर जन्माला आलेल्या आहेत. म्हणून धीर करून हा विषय स्वीकारला.

आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी म्हणी शाळेत पाठ केल्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. म्हण लिहा, तिचा अर्थ सांगा, गुण मिळवा, असा तो क्रम असे. त्यामुळे या म्हणी म्हणजे साहेबाच्या पुस्तकातील सुविचार होत, असा एक समज मनात राहिला. वस्तुतः त्या पुस्तकात जन्मल्याच नाहीत. जॉन हेवूड नावाच्या लेखकाने १५४६ साली इंग्रजी म्हणी एका संवादात गुंफून छापल्या. पुढे १६७० मध्ये जॉन रे याने मोठा संग्रह प्रसिद्ध केला. हा रे मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. रानात हिंडून रोपे गोळा करावीत, त्याच निगुतीने त्याने लोकांच्या तोंडच्या म्हणी गोळा केल्या. म्हणजे संग्राहकांनी केवळ टिपून ठेवले. म्हणी घडविल्या त्या शेतकऱ्यांनी, शिंप्यांनी, खलाशांनी, घरोघरीच्या गृहिणींनी. आपल्याकडे याहून वेगळे काय घडले?

आता कापडाचीच म्हण प्रथम घेतो. ‘कट युवर कोट अकॉर्डिंग टू युवर क्लॉथ’, हातात कापड असेल तेवढाच कोट बेता. हेवूडच्या संग्रहातही ही म्हण आहे. शाळेत आपण तिच्यासमोर ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे लिहीत होतो आणि ते बरोबरच होते. परंतु दुकानात बसून विचार केला असता दोहोंमध्ये एक सूक्ष्म भेद दिसतो. अंथरुणाबाहेर गेलेला पाय थंडी वाजताच आत ओढून घेता येतो. कात्रीचे तसे नाही. ताग्यावर एकदा कात्री चालली की ते कापड पुन्हा अखंड होत नाही. आमच्या धंद्यात म्हणूनच दोनदा मोजतात आणि एकदाच कापतात. जो खर्च पुढे कमी करता येतो, त्यास अंथरुणाची म्हण लावावी. जो खर्च एकदा केला की परत फिरत नाही, म्हणजे घराचे कर्ज, लग्नाचा बेत, जमिनीचा सौदा, त्यास कात्रीची म्हण लावावी. दोन भाषांनी मिळून आपल्याला दोन मापे दिली आहेत.

दुसरी म्हण शिंप्याच्या सुईतून आलेली. ‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’, वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवितो. थॉमस फुलर या वैद्याने १७३२ साली छापलेल्या संग्रहात ती नोंदविलेली आहे. नऊच का, दहा का नाहीत? इंग्रजीत ‘टाइम’ आणि ‘नाइन’ यांचा नाद जुळतो, हे त्याचे सरळ कारण. त्यात गणित नाही. पण अनुभव मात्र पक्का आहे. शिवण एका जागी उसवली की लगतच्या टाक्यांवर ताण येतो आणि ते क्रमाक्रमाने सुटत जातात. दोन भावांतील वाटणीचा कागद, छपराचे एक फुटके कौल, थकलेला एक हप्ता, या सर्वांची प्रकृती त्या उसवलेल्या शिवणीसारखीच असते. आपल्या मराठीने हेच उलट बाजूने सांगितले. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ आणि ‘भिजत घोंगडे’ हे आपले शब्द. घोंगडे एकदा भिजले की जड होते आणि कोकणच्या पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही, हे ज्याने अनुभवले त्यालाच या शब्दांतील कंटाळा कळतो. इंग्रज टाका घालणाऱ्याची स्तुती करतो. आपण टाका न घालणाऱ्याची थट्टा करतो. शिकवण एकच, शिकविण्याची तऱ्हा निराळी.

कापडाच्या जुन्या मापाचीही एक म्हण आहे. इंच दिला तर तो ‘एल’ घेईल, असे इंग्रज म्हणत. ‘एल’ हे त्यांचे कापड मोजण्याचे माप, ४५ इंचांचे. पुढे ते माप प्रचारातून गेले, लोकांना अर्थ कळेना, तेव्हा ‘एल’च्या जागी ‘माइल’ आला आणि म्हण जिवंत राहिली. आपल्याकडे दशमान मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. वार गेला, मीटर आला. तरीही नऊवारी लुगडे काही सव्वाआठ मीटरी झाले नाही. माप कायद्याने बदलते; जिभेवरचा शब्द मात्र त्याच्या चालीनेच बदलतो.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. आपण त्यांच्या म्हणी शिकत होतो, त्याच काळात त्यांच्यापैकी काही जण आपल्या म्हणी गोळा करीत होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्या कोशात शब्दांच्या अर्थाबरोबर अनेक मराठी म्हणी नोंदविलेल्या आहेत. १८९९ मध्ये रेव्हरंड आल्फ्रेड मॅन्वारिंग यांनी मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध केला. पुढे य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४२ ते १९४७ या काळात दोन भागांत सिद्ध केला. परक्या मिशनऱ्याला आपल्या माणसांशी बोलायचे होते, म्हणून त्याने आपल्या म्हणी शिकून घेतल्या. आपल्याच नातवंडांशी बोलण्यासाठी आपण त्या शिकवितो काय, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. त्याकडे मी शेवटी येईन.

आता पैशाच्या म्हणींकडे वळू. ‘पेनी वाइज, पाउंड फूलिश’ ही सर्वांना ठाऊक आहे. १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वी इंग्लंडात एका पौंडाचे २४० पेन्स होत. म्हणजे पेनीसाठी जिवाचा आटापिटा करणारा आणि पौंड उधळणारा किती पटींनी चुकत होता, ते पाहा. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे १६ आणे असत आणि आपण म्हणत होतो, ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’. आपल्या मंडळींनी कोंबडीबद्दल क्षमा करावी, हिशेबापुरतीच ती येथे आणली आहे. चार आणि बारा मिळून सोळा, म्हणजे पुरा एक रुपया आणि त्यातील तीन हिस्से नुसत्या सजावटीत गेले. लग्नपत्रिका, मंडप, रोषणाई यांचा खर्च ज्यांनी अलीकडे केला असेल, त्यांना या त्रैराशिकाचे अधिक स्पष्टीकरण नको. चार आण्यांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून रद्द झाले. मसाल्याचा खर्च मात्र वाढतच आहे.

उधारीविषयी दोन्ही भाषा सारख्याच कठोर आहेत. जो उसने मागत फिरतो तो दुःख मागत फिरतो, अशा अर्थाची यमकबद्ध इंग्रजी म्हण आहे. आपली म्हण अधिक हिशेबी: ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’. व्यापारी म्हणून तिचा अर्थ मी आतून सांगू शकतो. उधार देणाऱ्याचे भांडवल अडकते, काही रक्कम बुडते, वसुलीसाठी माणूस हिंडवावा लागतो. हा सारा खर्च कोठून तरी भरून काढावा लागतो. तो एक तर भावात चढतो, नाही तर मालात उतरतो. गिऱ्हाइकाला पोते भरलेले दिसते. सव्वा हाताची पोकळी आत असते. आजची तरुण मंडळी म्हणतील, ‘काका, आता मासिक हप्ते शून्य टक्के व्याजाने मिळतात.’ त्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना परिपत्रकाद्वारे बजावले की, शून्य टक्के व्याज ही कल्पनाच मुळात अस्तित्वात नाही. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरील अशा योजनांत व्याजाचा भाग बहुधा प्रक्रिया-शुल्काच्या रूपाने दडविलेला असतो. देशाच्या मध्यवर्ती बँकेने जे परिपत्रक काढून सांगितले, ते आपल्या आजीने पोत्याकडे बोट दाखवून सांगितले होते.

प्रामाणिकपणाची म्हणही व्यापाऱ्याला टाळता येत नाही. ‘ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी’ हे वाक्य पाटीवर लिहून लावलेली दुकाने मी पाहिली आहेत. वाक्य चांगले आहे; पण त्यातील ‘पॉलिसी’ हा शब्द मला नेहमी टोचतो. पॉलिसी म्हणजे धोरण आणि धोरण फायद्यासाठी असते. ज्या दिवशी अप्रामाणिकपणात अधिक फायदा दिसेल, त्या दिवशी धोरण बदलावे काय? आपल्या परंपरेत कमी-अधिक मापाने देणे-घेणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. मीटरपट्टी सरळ धरणे हे आपल्या दृष्टीने व्रत आहे, धोरण नव्हे. एवढा फरक मनात ठेवून ती पाटी खुशाल लावावी.

म्हणी ऐकून माणसे सुधारतात काय? या प्रश्नाचे उत्तर एका अमेरिकन माणसाने फार पूर्वी मिस्किलपणे देऊन ठेवले आहे. बेंजामिन फ्रँकलिन फिलाडेल्फिया येथे ‘पुअर रिचर्ड’ या टोपणनावाने वार्षिक पंचांग काढीत असे. तिथी-वारांच्या मधल्या रिकाम्या जागी तो उद्योग आणि काटकसर यांवरील म्हणी छापी. काही त्याने घडविलेल्या, बऱ्याचशा जुन्याच, नव्याने पॉलिश केलेल्या. १७५८ च्या अंकासाठी त्याने एक कथा लिहिली, ती पुढे ‘द वे टू वेल्थ’ या नावाने जगभर गाजली. एका बाजारात मालाचा लिलाव व्हायचा आहे. वेळ आहे म्हणून लोक फादर अब्राहम नावाच्या एका वृद्धास उपदेश करण्याची विनंती करतात. तो वृद्ध पुअर रिचर्डच्या म्हणींची माळच ओवतो: आळस, उधारी, चैन, गरज नसता केलेली खरेदी. सर्वजण ऐकतात, माना डोलावतात आणि लिलाव सुरू होताच अगदी उलट वागून मनसोक्त खरेदी करू लागतात. गर्दीत उभा असलेला पुअर रिचर्ड स्वतः मात्र नव्या कोटासाठी कापड घ्यायला आलेला असतो. आपल्याच म्हणी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तो विचारात पडतो आणि जुना कोट आणखी काही दिवस वापरण्याचे ठरवून कापड न घेता परत जातो.

एका कापडवाल्याने ही कथा सभेत सांगावी, यात माझे नुकसानच आहे. पण तिचे मर्म मोलाचे आहे. शेकडो लोकांनी म्हणी ऐकल्या. उपयोग एकालाच झाला, कारण त्याने त्या स्वतःला लावून पाहिल्या. म्हण ही मीटरपट्टी आहे. शेजाऱ्याचे कापड मोजण्यासाठी ती सारेच वापरतात. आपल्या ताग्यावर ती ठेवतो तोच शहाणा.

आणखी एक गुण म्हणीत आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. म्हण माणसाचे मन न दुखविता त्याला सावध करते. काही वर्षांपूर्वी लग्नसराईत एक कुटुंब माझ्या दुकानी बस्ता बांधण्यासाठी आले होते. मुलीचे वडील भावनेच्या भरात होते. पाच साड्यांच्या आठ झाल्या, आठाच्या अकरा झाल्या. मुलीची आई गप्प होती. ती हिशेब मांडीत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. कोणी काही बोलेना. शेवटी गादीवर टेकून बसलेले थोरले काका पानाचा डबा बंद करीत हसून म्हणाले, ‘अरे, अंगापेक्षा बोंगा मोठा व्हायला लागला की!’ सारे हसले. मुलगीही हसली आणि तिनेच चार साड्या बाजूला सारल्या. वडिलांनी ‘बरं, राहू दे’ म्हटले. बस.

त्या क्षणी काकांनी ‘तुझी ऐपत नाही’ असे म्हटले असते तर काय झाले असते, याची कल्पना आपण करू शकतो. भर दुकानात, परक्यांसमोर, लेकीच्या देखत! वडिलांनी इरेस पेटून पंधरा साड्या घेतल्या असत्या आणि दोन भावांत कायमची अढी बसली असती. म्हणीने बोलणाऱ्याला मागे घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या लोकांना पुढे केले. ‘मी म्हणत नाही, चार लोक असे म्हणतात’ हा तिचा सूर असतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला हार मानावी लागत नाही, तो हसून मागे सरू शकतो. माझी चार साड्यांची विक्री गेली; पण त्या घराचे बिल रोखीने चुकते झाले आणि आजही ते कुटुंब माझ्याकडे येते. ज्या घरात म्हणी उरल्या नाहीत, तेथे वडीलधाऱ्यांपाशी दोनच मार्ग राहतात: गप्प बसणे किंवा भांडणे. आपल्या समाजात अलीकडे हे दोन्ही प्रकार वाढलेले दिसतात, असे मी नम्रपणे नमूद करतो.

तथापि म्हण म्हणजे शास्त्र नव्हे, हेही सांगितले पाहिजे. इंग्रजी म्हणी एकमेकींशी उघड भांडतात. उडी मारण्यापूर्वी पाहा, असे एक सांगते. जो कचरला तो संपला, असे दुसरी म्हणते. अनेक हातांनी काम हलके होते, असे एक म्हणते. अनेक आचाऱ्यांनी रस्सा बिघडतो, अशी दुसरीची तक्रार. आपल्याकडेही ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ म्हणून घाईची थट्टा होते आणि ‘शुभस्य शीघ्रम्’ म्हणून घाईला आशीर्वादही मिळतो. यांपैकी खरे कोणते? अनेकान्ताचे संस्कार झालेल्या श्रोत्यांना हे कोडे वाटू नये. प्रत्येक म्हण हा एक नय आहे, एका बाजूने दिसलेले सत्य आहे. सुती कापड धुतल्यावर आटते म्हणून शिंपी ते थोडे जास्त मागतो. जे कापड आटत नाही त्याला तेच माप लावले तर कापड वाया जाते. कोणत्या कापडाला कोणते माप, हे ओळखणे म्हणजे व्यवहारज्ञान. म्हणी पाठ असणे ही त्याची पहिली पायरी, एवढेच.

काही म्हणी तर आता टाकूनच दिल्या पाहिजेत. छडी आवरली तर मूल बिघडते, असे सांगणारी इंग्रजी म्हण आपल्या पिढीने पाठीवरच अनुभवली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस बंदी केली, हे योग्यच झाले. आपल्या मराठी म्हणींतही स्त्रियांना आणि निरनिराळ्या जातींना टोचून बोलणाऱ्या म्हणी पुष्कळ आहेत. त्या कोशात अभ्यासासाठी राहाव्यात. घरात त्यांची गरज नाही. आपणा जैनांना खटकणारी म्हणही एक आहे. एका दगडात दोन पक्षी मारणे, हा इंग्रजीशी शब्दशः जुळणारा प्रयोग आपण सर्रास करतो. मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या आपल्या तोंडी तो शोभत नाही. त्याच अर्थाचे ‘एक पंथ दोन काज’ आपल्याजवळ आहे. एकाच वाटेने जाता जाता दोन कामे होतात आणि कोणाचा जीवही जात नाही!

आता मघाशी राखून ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो. म्हण ज्या वस्तूवर उभी असते ती वस्तू गेली की म्हण लंगडी होते. उत्तम मद्याला झुडपाची गरज नसते, अशी एक इंग्रजी म्हण आहे. पूर्वी मद्यालयाच्या दारावर खूण म्हणून आयव्ही वेलीची फांदी टांगीत. ती प्रथा गेली आणि आज ही म्हण ऐकणारा बुचकळ्यात पडतो. आपली ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ ही म्हण अजून कळते, कारण काकण आणि आरसा दोन्ही घरात आहेत. पण ‘आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार’? १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. जेथे भाताची खाचरे होती त्या आपल्या विचुंब्यात आणि आसपासच्या गावांत आज इमारती उभ्या आहेत. येथील मुलांनी नळ पाहिला, टँकर पाहिला. आड आणि पोहरा पाहिला नाही. त्यांना ही म्हण समजावी तरी कशी? ती मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, ‘रोम वॉज नॉट बिल्ट इन अ डे’ हे अचूक लिहितात. त्याबद्दल मला कौतुकच आहे. मात्र त्याच मुलांना ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे आजीच्या तोंडून ऐकावयास मिळाले पाहिजे. परीक्षेसाठी पाठ केलेली म्हण निकालाबरोबर विसरते; प्रसंग पडता ऐकलेली म्हण जन्मभर साथ करते.

आणि आज प्रसंग थोडे का आहेत? जमिनीला भाव आला, हाती एकरकमी पैसा आला, काही घरांत तो दोन-चार वर्षांत आला तसा गेला. मोबाइलवर एका बोटाने कर्ज मिळते. लग्ने दोन दिवसांची होती ती पाच दिवसांची झाली. ‘नेसेन तर पैठणीच नेसेन, नाही तर नागवी बसेन’ ही हट्टाची थट्टा करणारी म्हण. आज तोच हट्ट ‘स्टेटस’ या नावाने मिरवतो. अशा वेळी तरुणांना भाषणे नकोत आणि माझे हे भाषण तर त्यांनी सोसले आहेच. त्यांना हवे आहे ते योग्य क्षणी, हसत, आपुलकीने टाकलेले एक वाक्य. ते वाक्य वडीलधाऱ्यांच्या जिभेवर तयार असले पाहिजे.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात एक लहानसा उपक्रम सुचवून मी थांबतो. त्याला देणगी नको, समिती नको. प्रत्येक घराने एक दोनशे पानी वही घ्यावी. घरातील ज्येष्ठांनी आपल्याला आठवतील त्या म्हणी सांगाव्यात, मग त्या मराठी, गुजराती, मारवाडी, कच्छी कोणत्याही असोत. नातवंडांनी त्या लिहून घ्याव्यात आणि प्रत्येकीसमोर शाळेत शिकलेली इंग्रजी म्हण शोधून लिहावी. मात्र एक अट आहे. नुसती म्हण लिहू नये. ती घरात कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटली, ते दोन ओळींत लिहावे. पर्युषणाच्या काळात त्या वह्या येथे एकत्र ठेवाव्यात आणि ज्याला हव्या त्याने चाळाव्यात. त्यानिमित्ताने आजोबा आणि नातू पंधरा मिनिटे एकमेकांशेजारी बसले, तरी माझ्या मते उपक्रम सफळ झाला. एक पंथ, दोन काज!

 पुढील लग्नसराईत माझ्या दुकानी आलात, तर वडीलधारे माणूस बरोबर अवश्य आणा. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेन्द्र.